भिमाबाईची पेटी

हिंमतरावाच्या मोटरसायकलच्या किल्लीसोबत एक लहानशी पितळी किल्ली तीन महिन्यांपासून लटकत होती आणि घरात कुणालाही तिची आठवण नव्हती. शनिवारी सकाळी मात्र तिघांचा तिच्यावर डोळा होता. तिघांचीही कारणं वेगळी होती.

किल्ली शाळेतल्या तक्रार पेटीची. प्रत्येक शाळेत अशी पेटी हवी, असा वरून कागद आला तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून हिंमतराव अवचाराने ती जबाबदारी अंगावर घेतली होती. त्याच दिवसांत आईचं वर्षश्राद्ध आलं. मग त्याने जळगाव जामोदच्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची पेटी करून घेतली आणि पेंटरला सांगितलं, नाव ठसठशीत काढ. पेंटरने ‘कै. भिमाबाई रामराव अवचार यांच्या स्मरणार्थ’ एवढं वीतभर अक्षरांत काढलं. ‘तक्रार पेटी’ हे शब्द राहून गेले होते. ते त्याने तळाशी उरलेल्या पट्टीत कसेबसे कोंबले आणि पेटी भिंतीवर बसवताना नेमके त्यावरच लोखंडी पट्टे आले. दसऱ्याला नारळ फुटला, रिकामी पेटी उघडून दाखवली गेली, टाळ्या झाल्या. त्यानंतर ती आठवड्याला उघडायची असते हे मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडमनी दोनदा सुचवलं. हिंमतराव दोन्हीदा ‘हाव, हाव’ म्हणाला होता.

आता विसरून चालणार नव्हतं. गुरुवारी मधल्या सुट्टीत सातवीतला ज्ञानेश्वर शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे कान धरून बसलेला सापडला होता. बोटांमधून रक्त येत होतं. ‘पडलो’ यापलीकडे तो काही बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटला आहे आणि पडून तो असा फाटत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत एकोणीस आईबापांनी मुलांचे दाखले मागितले. जळगाव जामोदच्या खासगी शाळेची व्हॅन गावापर्यंत यायला तयारच होती. ज्ञानेश्वरचा बाप शेषराव, वांगी-मेथी पिकवून बाजारात नेणारा साधा माणूस, त्याने एकच गोष्ट मागितली. सभा घ्या आणि ती पेटी सगळ्यांसमोर उघडा.

सभा अकराला होती. हिंमतरावाने नऊलाच पायात चप्पल सरकवली.

“मी जरा आधी जाऊन येतो. सतरंज्या टाकल्या का नाई पाहा लागंल.”

“सतरंज्या पोट्टे टाकतात,” धाकटा भाऊ गोविंदा म्हणाला. “तू काऊन जाऊन राह्यला?”

“अध्यक्ष मी हाव का तू?”

गोविंदा गप्प झाला. मोठ्या भावासमोर गप्प होण्याची त्याला बेचाळीस वर्षांची सवय होती आणि त्यात आपलं काही जातं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

हिंमतराव वाईट माणूस नव्हता. गुरुवारी त्याने आपल्या मुलाला, कुलदीपला, रीतसर विचारलं होतं, “तू होता का बे तठी?” दहावीतल्या कुलदीपने ताटातून मान वर न करता “नाई” म्हटलं होतं. बापाने ते ठेवून घेतलं. पण दोन दिवस झाले तरी ते ‘नाई’ त्याच्या मनात नीट बसेना. म्हणून पेटी आधी एकट्याने पाहावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पाहून काय करायचं, हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मागच्या खोलीत गोविंदाची बायको छाया मुलीची वेणी घालत होती. अर्पिता आठवीत. एरवी वेणी घालताना तिची टकळी बंद होत नसे.

“आई, आज पेटी उघडतीन?”

“हाव. साऱ्यायसमोर.”

“मंग मी नाई जात.”

“काऊन?”

“त्यात माही चिठ्ठी हाय.”

“असू दे. नाव थोडीच लिवलं असशील.”

“नाव नाई लिवलं.” अर्पिताने रिबीन बोटाला गुंडाळली. “पोट्टे त्या पेटीले भिमाबाईची पेटी म्हनतात. सारे जन ‘भिमाबाई’ असंच लिवतात वरतं. मी ‘आजी’ लिवलं.”

छायाचा हात वेणीतच थांबला. सासू जिवंत होती तेव्हा ओट्यावर काठी घेऊन बसायची. शाळेच्या वाटेवर कुणी कुणाला ढकललं की काठी ओट्यावर आपटायची आणि मुलं सरळ चालू लागायची. सगळं गाव, अगदी पहिलीतलं पोरसुद्धा, तिला भिमाबाईच म्हणायचं. ‘आजी’ म्हणणारी लेकरं त्या शाळेत दोनच होती. दोन्ही याच घरातली.

“काय लिवलं तू?”

अर्पिताने सांगितलं. वाचून दाखवावं तसं सपाट आवाजात सांगितलं, कारण ते तिला पाठ झालं होतं. मधल्या सुट्टीत टाकीमागे दहावीतले तिघे सातवीच्या पोरांची हजेरी घेतात. नंबर पुकारला की पुढे यायचं आणि ‘हजर’ म्हणायचं. जोरात म्हटलं तर कानाखाली एक. हळू म्हटलं तर दोन. नंबर कुलदीपदादा पुकारतो.

“तुले मारलं?”

“मले कोन मारते? मी अवचारायची हाव ना.”

“मंग घरी काऊन नाई सांगतलं?”

“कोनाले सांगू? तू मोठ्या आईले भेते. बाबा मोठ्या बाबाले भेतात.”

छायाला आधी मुलीचा राग आला, एक शब्द चुकीचा लिहिल्याचा. मग तो राग फिरून स्वतःवर आला आणि तिथेच राहिला. तिने वेणी आवळून बांधली, जरा जास्तच आवळून, आणि ती उठली. ती चिठ्ठी वाचली गेली तर संध्याकाळी ह्याच घरात, ह्याच स्वयंपाकघरात, कुलदीपच्या शेजारी तिच्या मुलीला जेवायला बसायचं होतं.

किल्लीचं भासऱ्यांना, म्हणजे हिंमतरावाला, विचारणं शक्य नव्हतं. सतरा वर्षांत ती त्यांच्याशी दाराआडूनच बोलत आली होती. तिने थोरल्या जावेला गाठलं. रुख्मिणी तव्यावर भाकर टाकत होती.

“बाई, ते पेटीची किल्ली जरा पाह्यजे होती.”

रुख्मिणीने वळून पाहिलं नाही. “तुले कायले?”

छायाने सांगून टाकलं. सगळं नाही. चिठ्ठी आहे आणि तीत कुलदीपचं नाव आहे, एवढंच. भाकर तव्यावर करपू लागली तरी रुख्मिणीने ती उलटली नाही.

तिला हे नवीन नव्हतं. महिन्यापूर्वी कुलदीपच्या गादीखाली तिला एक वही सापडली होती. एक ते चौतीस नंबर, पुढे तारखा, तारखांखाली रेघा. कुठे एक, कुठे दोन. क्रिकेटचं काहीतरी असेल म्हणून तिने ती परत ठेवली. गुरुवारी ज्ञानेश्वरचं कळलं तेव्हा तिने वही पुन्हा काढली. त्या दिवशीच्या तारखेखाली एकोणिसाव्या नंबरापुढे चार रेघा होत्या. शुक्रवारी अंघोळीचं पाणी तापवताना तिने ती वही चुलीत घातली आणि जळेपर्यंत समोरून हलली नाही.

“परीक्षा महिन्यावर आली हाय,” ती म्हणाली. “नाव निंघालं तं पोराचं वर्ष जाईन. किल्ली खुंटीवर हाय. तू जाय मागच्या वाटेनं, मी ह्यायले जेवाले बसवतो. साऱ्याच चिठ्ठ्या काढून आन.”

“साऱ्या?”

“एक काढली आन् दुसऱ्या कोन्या पोट्ट्यानं नाव लिवलं असलं तं?”

“रिकामी पेटी पाहून लोक काय म्हनतीन?”

“म्हनतीन, लेकरायले काई तक्रार नाई.”

“आन् ज्ञानेश्वरचा कान?”

हे आपण का विचारलं ते छायाला कळलं नाही. ती आपल्या मुलीला वाचवायला आली होती, परक्या पोराच्या कानाचं बोलायला नव्हे. तेवढ्यात बाहेर किल्ल्यांचा आवाज झाला. हिंमतरावाने खुंटीवरून जुडगा काढला होता.

“थांबा नं,” रुख्मिणी घाईने बाहेर आली. “दोन घास खाऊन जा.”

“आल्यावर खातो.”

“गरम भाकर हाय. छाया, ताट घे.”

इतक्या आग्रहाची हिंमतरावाला सवय नव्हती. तो उंबऱ्यात अडला. छाया दाराआड उभी होती आणि तिचंही लक्ष ताटाकडे नव्हतं, त्याच्या मुठीकडे होतं.

ओट्यावर चष्मा पुसत बसलेल्या रामरावाने, हिंमतरावाच्या बापाने, हे सगळं पाहिलं. म्हाताऱ्याला चिठ्ठीबद्दल काही ठाऊक नव्हतं. पण तीन महिने ज्या किल्लीला कुणी विचारलं नाही, तिच्यासाठी आज घरातली शहाणी माणसं दारात अडकून पडली आहेत, एवढं त्याला दिसत होतं.

“हिंमत, ते किल्ली आन इकडं.”

“कोन्ती, आबा?”

“तुया मायच्या पेटीची.”

रामरावाने बायकोचं नाव आयुष्यात घेतलं नव्हतं. ती होती तेव्हा ‘हिंमतची माय’ आणि गेल्यावर ‘तुयी माय’. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नवरदेवाला जो खोकला सुटला तो मांडव उठेपर्यंत थांबला नाही, हे गावातल्या जुन्या बाया अजून हसून सांगायच्या.

“आबा, मी अध्यक्ष हाव. किल्ली माह्याजवळ असा लागते.”

“पेटीवर तुयं नाव हाय का?”

हिंमतराव किल्ली सोडवू लागला. जुडग्यातून ती लहान किल्ली निघता निघेना. त्याने नख मोडून घेतलं, दात लावून पाहिला, आणि तोवर घरातलं कुणीही तिथून हललं नाही. शेवटी निघाली. रामरावाने ती बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून दोनदा चापून पाहिली.

“आता सारेच संग जाऊ,” तो म्हणाला. “अर्पे, चाल. मायी काठी दे.”

अर्पिताने आईकडे पाहिलं. छायाला नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या खरंच पोरांनी टाकल्या होत्या. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, दीडेकशे माणूस जमलं होतं. दहावीचा वर्ग व्हरांड्याला लागूनच होता. कुलदीप खिडकीजवळच्या बाकावर पुस्तक उघडून बसला होता.

मॅडमनी प्रास्ताविक सुरू केलं, पण करिष्मा नावाची एक तरुण आई मध्येच उभी राहिली.

“मॅडम, ते सारं राहू द्या. माही पोरगी दिवाईपासून रोज सकाळी पोट दुखते म्हनते. मी तिले ओवा चारून शाळेत धाडतो. आता मले सांगा, म्या तिले ओवा चारू का घरी ठेवू?”

“म्हणूनच आपण बसलोय,” मॅडम म्हणाल्या.

“बसून काय होते? व्हॅनवाला सोमवारी दारात उभा राह्यते.”

शेषराव पहिल्या रांगेत होता. तो उठला नाही, बसूनच बोलला. “पेटी उघडा.”

रामरावाने किल्ली स्वतः लावली. झाकण खाली पडलं तशा चिठ्ठ्या सांडल्या. वहीची पानं, बिस्किटाच्या पुड्याचे कागद, कॅलेंडरचा तुकडा. मॅडमनी त्या टेबलावर गोळा केल्या आणि एक उचलली.

“भिमाबाई, हजेरी बंद करा.”

मागे कुणीतरी हसलं. मॅडमनी दुसरी उघडली.

“भिमाबाई, आमची हजेरी घेऊ नका म्हणून सांगा.”

“भिमाबाई, मी आजारी असलो तरी हजेरी घेतात.”

आता व्हरांडाभर हशा झाला. दोन दिवसांचा ताण होता, लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. “घ्या,” रंगराव नावाचा एक पालक म्हणाला, “पोट्ट्यायले शाळेत याचाच कंटाया हाय. आन् आपण व्हॅन लावून राह्यलो.” मॅडमही हसल्या. “हजेरी तर मीच घेते, रोज सकाळी. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?” हिंमतराव सगळ्यांत मोठ्याने हसला. सुटल्यासारखं हसला.

शेषराव हसला नव्हता.

“माया पोरगा दवाखान्यात झोपेत ‘हजर’ म्हनते,” तो म्हणाला. “दोन दिवसापासून.”

हशा एकदम थांबला नाही. पुढच्या रांगेत आधी थांबला, मग मागे मागे थांबत गेला. मॅडमनी पुढची चिठ्ठी उघडली आणि त्या वाचायच्या थांबल्या. आठवीच्या वह्या त्याच तपासत असत. त्यांनी चिठ्ठीवरून नजर काढली आणि बायांच्या बाजूला, आईला चिकटून बसलेल्या अर्पिताकडे पाहिलं. क्षणभरच. छायाने ते पाहिलं. रुख्मिणीनेही पाहिलं.

“काय हाय?” हिंमतरावाने विचारलं. “वाचा नं.”

“ही नंतर...”

“नंतर नाई,” शेषराव म्हणाला.

रामराव टेबलाशीच उभा होता. त्याने हात पुढे केला. “आना इकडं. ज्या बाईच्या नावानं आलं तिचा मी मालक हाव. मी वाचतो.”

मॅडमनी चिठ्ठी दिली. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि कागद हातभर लांब धरला. तो चौथी पास होता, अक्षरावर बोट ठेवून वाचायचा. बोट पहिल्या शब्दावर आलं आणि तिथेच थांबलं. छायाने अर्पिताचा हात धरला.

रामरावाने घसा साफ केला. त्याला खोकला येईल असं जुन्या बायांना वाटलं असेल. आला नाही.

“भिमाबाई,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याकडे बघणारे सगळे डोळे जरा मोठे झाले. त्याने बोट पुढे सरकवलं. टाकीमागे हजेरी घेतात. दहावीतले तिघे. जोरात म्हटलं तर एक, हळू म्हटलं तर दोन. एकेक शब्द तो सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचत होता.

“नंबर कुलदीप पुकारतो.”

‘दादा’ त्याने गाळलं. छाया मनातल्या मनात मोजत होती. दोन शब्द बदलले.

“तुम्ही असता तर त्यानं असं केलं नसतं.” ‘तू असतीस’ होतं. तीन. “घरी कोणाला सांगू.”

एवढं वाचून बोट कागदाच्या तळाशी पोचलं. रामरावाने चिठ्ठीची घडी केली आणि ती टेबलावरच्या ढिगात न ठेवता बंडीच्या खिशात, किल्लीपाशी ठेवली.

“आबा, ती नोंदीला लागेल,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“म्या वाचलं ते लिवून घ्या. पत्र तिचं हाय.”

हिंमतराव मान खाली घालून बसला होता. खिडकीतला बाक रिकामा होता, कुलदीप खाली वाकला असेल किंवा मागे गेला असेल. ठरावाची वही अध्यक्षासमोर आली. पेन हातात घेऊन हिंमतराव म्हणाला, “हे... कोनं लिवलं ते समजल्याबिगर... कोनी खार खाऊन बी लिवू शकते.”

“दादा, लिव,” गोविंदा म्हणाला.

हिंमतरावाने चमकून भावाकडे पाहिलं. गोविंदा स्वतःच दचकला होता, पण त्याने शब्द परत घेतला नाही.

“खार नाई खाल्ली कोनी.” हा आवाज बायांच्या बाजूने आला. रुख्मिणी उभी राहिली होती, पदर दोन्ही हातांनी धरून. “त्याची वही होती. नंबर होते तीत. म्या जाळली. एकोणीस नंबरापुढं चार रेघा होत्या.” ती शेषरावाकडे पाहायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. “तुमच्या पोराचा नंबर कोन्ता हाय मले ठाऊक नाई.”

“एकोणीस,” शेषराव म्हणाला.

हिंमतरावाने लिहिलं. मुलाचं पूर्ण नाव लिहिलं, त्यात मधे स्वतःचं नाव आलं, तेही लिहिलं. पुढची कारवाई, पोलीस पाटलांना कळवणं, बाकी दोघांची नावं, हे सगळं अर्ध्या तासात उरकलं. सह्या झाल्या. लोक उठू लागले तसा शेषरावही उठला.

“दाखल्याचा अर्ज मी मागं घेत नाई,” तो म्हणाला. “सोमवारी मधल्या सुट्टीत टाकीमागं कोन राह्यते ते पाहीन, मंग सांगीन.”

“मी राह्यतो,” रामराव म्हणाला. “खुर्ची घरून आनतो.”

शेषरावाने मान हलवली नाही. पण व्हॅनचं नावही काढलं नाही.

घरी जाताना माणसं तुटक तुटक चालत होती. हिंमतराव सगळ्यांच्या पुढे, एकटा. गोविंदा त्याच्या मागे दहा पावलांवर, जवळ जावं की नको ते न ठरवता. छाया आणि रुख्मिणी शेजारी शेजारी होत्या. मध्येच रुख्मिणीने छायाच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. तिला काही सांगायचं असावं.

सगळ्यांत मागे रामराव काठी टेकत येत होता, आणि त्याच्या चालीने अर्पिता. वेशीजवळ ती थांबली.

“आबा, मी तं ‘भिमाबाई’ नव्हतं लिवलं.”

“मले वाचता येते,” रामराव म्हणाला, आणि काठी पुढे टाकून चालू लागला.